पंडिता रमाबाई : दुखवट्यानंतरची भाकरी

आपल्या भागात कोणाच्या घरी मृत्यू झाला, की पहिले दहा-बारा दिवस त्या घरची चूल पेटवावी लागत नाही. शेजारून पिठलं-भाकरीची टोपली येते, भावकीतून दूध येते, ओसरीवर सतरंजी अंथरलेली असते आणि माणसांची ये-जा चालू असते. तेरावा झाला, की सतरंजी गुंडाळली जाते, टोपल्या ज्याच्या त्याच्या घरी परत जातात. खरा प्रश्न उभा राहतो तो चौदाव्या दिवशी. मिळवता माणूस गेला, आता पुढे काय? सांत्वन करणारे शंभर भेटतात. काम मिळवून देणारा एखादाच.

या चौदाव्या दिवसाच्या प्रश्नाला ज्यांनी आपले सारे आयुष्य वाहिले, त्या पंडिता रमाबाईंविषयी मला येथे लिहायचे आहे. त्यांचे नाव आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असते. संस्कृतच्या विदुषी, विधवांच्या कैवारी, धर्मांतर केलेल्या बाई, अशा दोन-तीन ओळींत त्यांची ओळख संपते. पण त्यांचे चरित्र मी सलग वाचले, तेव्हा मला त्यात एक वेगळाच धागा दिसला. तो धागा पोटाचा आहे, कामाचा आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकावे असे ठामपणे मानणारे आणि त्यासाठी स्वजनांचा रोष पत्करणारे. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले. देवळाच्या ओवरीत बसून पुराण सांगायचे, जी दक्षिणा मिळेल तीवर राहायचे आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरायची. लहान रमेला हजारो श्लोक मुखोद्गत होते.

आणि मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात अन्नान्न दशा झाली. होते नव्हते ते विकून झाले, व्रतवैकल्यांत आणि दानधर्मात उरलेसुरले गेले. अनंतशास्त्री वारले, पाठोपाठ आई वारली, पुढे थोरली बहीणही गेली. उरले ते भाऊ श्रीनिवास आणि रमा. उत्तरायुष्यात या दिवसांविषयी लिहिताना रमाबाईंनी फार निर्भयपणे आपल्या कुटुंबाची चिकित्सा केली आहे. भीक मागायला आणि मोलमजुरी करायला आम्हाला अभिमान आडवा आला, आणि प्रामाणिकपणे पोट भरण्याचे दुसरे कोणतेही काम आम्हाला येत नव्हते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. शास्त्र मुखोद्गत असलेले एक आखे कुटुंब हाताला काम नसल्यामुळे उपाशी मेले! रमाबाईंच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या कार्याचे मूळ मला या एका अनुभवात दिसते.

बहीण-भाऊ पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. मान मिळाला, पण मृत्यूने पाठ सोडली नाही. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर दहा महिन्यांची मुलगी, माहेर उरलेले नाही आणि सासरची दारे आंतरजातीय विवाहामुळे बंद.

आता त्यांच्याच आयुष्यात चौदावा दिवस उजाडला होता. त्यांनी काय केले? त्या पुण्याला आल्या, व्याख्याने देऊ लागल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मागणी केली ती स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची. पुढे इंग्लंडला जाण्याचे भाडे उभे राहिले तेही ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून. म्हणजे स्वतःच्या शोकातून बाहेर पडताना या बाईने पहिला आधार घेतला तो स्वतःच्या लेखणीचा.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात त्यांनी मनोरमेसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. वैद्यक शिकण्याची इच्छा कानांच्या बहिरेपणामुळे सोडावी लागली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी परक्या देशात स्वतःच्या जीवनाचा अंत करून घेतला. हा आणखी एक घाव. तरी चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवत राहिल्या आणि स्वतःही शिकत राहिल्या. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी मान तुकवली नाही. धर्म स्वीकारला म्हणजे स्वतःची बुद्धी गहाण टाकली असे नव्हे, हे त्यांनी आपल्या धर्मगुरूंनाही सुनावले. हा करारीपणा लक्षात ठेवला नाही, तर त्यांचे पुढचे आयुष्य समजणार नाही.

१८८६ च्या मार्चमध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचे. समारंभ झाला ११ मार्चला फिलाडेल्फियात. काही महिन्यांसाठी गेलेल्या रमाबाई जवळजवळ तीन वर्षे तिथे राहिल्या. बालोद्यान शिक्षणपद्धतीचे प्रशिक्षण घेतले, शेकडो व्याख्याने दिली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. आनंदीबाई त्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात वारल्या होत्या. आपल्या देशातील विधवांसाठी शाळा काढायची, त्यांना शिक्षिका, परिचारिका अशा स्वावलंबी कामांसाठी तयार करायचे, ही योजना रमाबाईंनी त्या पुस्तकात मांडली. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षे या शाळेचा खर्च उचलण्याची जबाबदारी तिने घेतली. गावोगावी रमाबाई मंडळे निघाली. वर्षाला एकेक डॉलर देणारी साधी माणसे त्यांत होती.

येथे जरा थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. एका परक्या देशातील एकटी विधवा इतकी माणसे कशी जोडू शकली? याचे उत्तर तेथील चर्चच्या मंडळ्यांत आणि त्यांतील सहभागितेच्या सवयीत आहे. विशेषतः मेथडिस्ट पंथाची घडणच अशी, की दहा-बारा जणांचा छोटा वर्ग आठवड्याला जमायचा, प्रत्येकाने एक पेनी टाकायची आणि वर्गनायकाने प्रत्येकाची विचारपूस करायची. या पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७४० च्या हिवाळ्यात आपल्या मंडळीतील अत्यंत गरीब अशा बारा जणांना एक शिकवणारा देऊन प्रार्थनेच्याच खोलीत कापूस पिंजायला आणि सूत कातायला बसवले होते. चार महिने, वसंत ऋतू लागेपर्यंत, त्यांचे पोट बहुतांशी त्यावर चालले. प्रार्थनेच्या खोलीत चरखा! दुःखिताला आधी हाताला काम द्यावे, हा विचार त्या परंपरेत असा रुजलेला होता.

रमाबाईंना अमेरिकेत जी माणसे भेटली त्यांत या पंथाची माणसे ठळक आहेत. मद्यपानविरोधी स्त्रीसंघटनेच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड या मेथडिस्ट. त्यांनी रमाबाईंना मैत्रीण मानले आणि आपल्या संघटनेचे व्यासपीठ दिले. पुढे मनोरमा आणि सदनातील काही मुली शिकायला गेल्या त्या रॉचेस्टरजवळच्या नॉर्थ चिली येथील फ्री मेथडिस्ट मंडळींच्या शाळेत. आणि १८९८ मध्ये रमाबाईंना पुन्हा अमेरिकेला जावे लागले, तेव्हा केडगावचा शेकडो मुलींचा संसार ज्यांनी सांभाळला त्या मिनी अब्राम्स बाईही मेथडिस्ट मिशनच्याच कार्यकर्त्या. मात्र रमाबाईंनी स्वतःला कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधून घेतले नाही. सर्वांची मदत घेतली, मालकी कोणालाच दिली नाही.

या सहभागितेचा एक नमुना मी जवळून पाहिला आहे. माझ्या ओळखीच्या एका ताईंचे यजमान अपघातात गेले. घरात दोन लहान मुले, शिक्षण दहावीपर्यंत. आम्ही सारे भेटायला गेलो, डोळे पुसून परत आलो. त्यांच्याच वस्तीतील एका मावशींची बहीण पुण्यात असते, ती तिथल्या मेथडिस्ट मंडळीत जाते. मावशींनी बहिणीला फोन केला, बहिणीने प्रार्थनासभेनंतर चार जणांच्या कानावर घातले, आणि पाचव्या आठवड्यात एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ताईंना काम मिळाले. ताई त्या धर्माच्या नव्हेत आणि त्यांना कोणी तसे विचारलेही नाही. हे मी पाहिले आणि मग मला रमाबाईंचे चरित्र पुन्हा उघडून बघावेसे वाटले. दीडशे वर्षांत साधने बदलली, पत्राऐवजी फोन आला. पण एकाने दुसऱ्याच्या कानावर घालायचे आणि काम मिळेपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही, ही रीत तीच आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या दिवशी मुली अवघ्या दोन! त्यांपैकी एक होती कोकणातील गोदूबाई जोशी. बालपणीच विधवा झालेली, विशी ओलांडलेली. तिचे बंधू नरहरपंत हे धोंडो केशव कर्वे यांचे स्नेही. त्यांनी धाडस करून बहिणीला सदनात आणले. १८९१ मध्ये कर्व्यांची पहिली पत्नी वारली, आणि १८९३ च्या मार्चमध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. या गोदूबाई म्हणजेच आनंदीबाई कर्वे, पुढच्या बाया कर्वे. त्यांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवा. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत त्या देशभर हिंडल्या आणि अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. एका मुलीला एका दारातून आत घेतले, तर किती दारे उघडतात, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

परंतु चरित्र लिहायचे तर अडचणीची बाजू टाळून चालणार नाही. १८९० मध्ये सदन पुण्याला हलले. तेथे धर्मशिक्षण द्यायचे नाही, प्रत्येकीला आपापल्या धर्माप्रमाणे वागू द्यायचे, असे ठरलेले होते. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली तिथे जाऊन बसू लागल्या. लोकांत संशय वाढला. ‘केसरी’ने कठोर टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात कोणाचे बरोबर? माझ्या मते दोन्ही बाजूंना वजन आहे. आधाराला आलेल्या माणसाची स्थिती नाजूक असते. ज्याच्या हातची भाकरी खातो त्याच्या देवाला नाही म्हणणे कठीण जाते. ही पालकांची भीती खोटी म्हणता येणार नाही. दुसरीकडे, जी बाई सगळे सोसून एका श्रद्धेपर्यंत पोहोचली तिने स्वतःच्या घरात दार लावून चोरासारखी प्रार्थना करावी, ही अपेक्षाही न्याय्य नाही. मला मात्र तिसरीच गोष्ट बोचते. मुली काढून नेणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या मुलींच्या शिक्षणाची, उद्याच्या पोटाची दुसरी सोय केली? धर्म वाचला असेल. त्या मुलीचे काय झाले, हे विचारायला कोणी उरले नाही. या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले ते कर्व्यांनी. त्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रमाची संस्था काढली. रमाबाईंच्या वाटेला पर्याय द्यायचा तर तो असा द्यावा लागतो.

१८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, या वेळी मध्य प्रांतात. वीस वर्षांपूर्वी उपाशी हिंडलेली रमा आता हात देण्याच्या जागी होती. ती तिकडे गेली आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आली. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, तेवढ्यांना ठेवायचे कुठे? केडगावला रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. हे केडगाव म्हणजे आपल्या नगरला लागून असलेले केडगाव नव्हे. आपण नगरहून रेल्वेने पुण्याला निघालो, की दौंड ओलांडल्यावर लागते ते. त्या माळावर आधी तंबू उभे राहिले, झोपड्या पडल्या, मग विहिरी खणल्या गेल्या आणि मुक्तिसदन वसले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि तेथील वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली.

दोन हजार तोंडे! त्यांना रोज जेवू घालणे हेच केवढे काम. पण रमाबाईंनी त्याच कामातून कामे काढली. कोणी शेतात, कोणी गोठ्यात, कोणी हातमागावर, कोणी शिवणाला, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी धुलाईला. ज्यांना गती होती त्या शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. अंध स्त्रियांनाही वगळले नाही. मनोरमेने ब्रेल लिपी शिकून घेतली आणि त्यांना वाचायला शिकवले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. आणि सर्वांत नवलाचा म्हणजे छापखाना. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी, सारे स्त्रियांच्या हातांनी. अक्षरओळख नसलेल्या, दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली काही वर्षांत छापखाना चालवू लागल्या. मुक्तीमध्ये धर्मशिक्षण उघडपणे होते, हे खरेच. पण हे विसरू नये, की ज्या मुली तिथे आल्या त्यांना दुसरीकडून कोणी बोलावलेले नव्हते.

रमाबाईंनी साध्या मराठीत बायबलचे भाषांतर करायला घेतले, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. आयुष्य आता सुखाने मावळेल असे वाटत असतानाच जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता चाळिशीतली एकुलती एक लेक, जिच्या हाती सारे सोपवायचे होते ती. त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी अधू झालेल्या त्या आईने काय करावे? त्या भाषांतराच्या कागदांकडे वळल्या. ते काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. भाषांतराचा पूर्ण ग्रंथ त्यांच्या मागे, १९२४ मध्ये, बाहेर पडला. दुसऱ्यांना चाळीस वर्षे जो उपाय सांगितला, तोच शेवटच्या दुःखात स्वतःला लावला. यापलीकडे प्रामाणिकपणा कोणता?

१९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने रमाबाईंचे तिकीट काढले. केडगावची संस्था आजही चालू आहे. पण थोर माणसाची स्मृती तिकिटावर राहते त्यापेक्षा रीतीत राहिली तर अधिक बरी. आपल्या महाविद्यालयात शेजारच्या वाड्या-वस्त्यांतून मुले-मुली येतात. त्यांतल्या काहींच्या घरी मिळवता माणूस नाही, आणि हे आपल्याला बहुधा परीक्षेचे शुल्क भरायच्या वेळी कळते. आपल्यातील प्रत्येकाची कुठे ना कुठे ओळख असते. कोणाचे मामा कारखान्यात, कोणाची आत्या दवाखान्यात, कोणाचे सर एखाद्या संस्थेवर. धर्माची मंडळी असो, भजनी मंडळ असो, बचत गट असो की आपली राष्ट्रीय सेवा योजना असो, दहा-बारा माणसे आठवड्याला एकत्र येतातच. तिथे एक प्रश्न नेमाने विचारला जावा, की आपल्यापैकी कोणाच्या ओळखीत कोणाला कामाची गरज आहे का. नाव, शिक्षण आणि काय करता येते, एवढे एका वहीत लिहून घ्यावे आणि त्या माणसाला काम लागेपर्यंत ते नाव खोडू नये. मदत घेणाऱ्याला जात, धर्म विचारू नये. आणि ज्याला इतरांच्या मदतीची पद्धत पसंत नसेल, त्याने कर्व्यांप्रमाणे स्वतःची पद्धत उभी करून दाखवावी. अशी वही यंदाच्या वर्षी आपल्या वर्गात सुरू व्हावी, एवढीच माझी सूचना आहे.